लग्न नाही, पण "कॉमन लॉ" झालो: मिसिसागातल्या फॅमिली लॉयरकडून कोहॅबिटेशन ॲग्रीमेंट करून घेतलं, त्याचा रिव्ह्यू

पाचपैकी चार स्टार देतेय. सर्विस म्हणजे फॅमिली लॉयरकडून कोहॅबिटेशन ॲग्रीमेंट करून घेणं, लग्न न करता एकत्र राहणाऱ्या दोघांनी घर, पैसा, कर्ज याबद्दल केलेला लेखी करार. ऑफिस कॅनडात, ओंटारिओ प्रांतातल्या मिसिसागात आहे, छोटंच, दोन वकील आणि एक क्लार्क. नाव लिहीत नाही कारण काही गोष्टी आवडल्या नाहीत त्याही मोकळेपणाने लिहायच्यात, आणि तसंही ऑफिसच्या नावापेक्षा तिथे जाऊन काय विचारायचं हे कळणं जास्त गरजेचं आहे.

आधी आमचं सांगते म्हणजे पुढचं समजेल. मी सांगलीची, २०२१ च्या सप्टेंबरमध्ये शिकायला आले, दोन वर्षांचा कोर्स, मग वर्क परमिट आणि नोकरी. माझा पार्टनर नागपूरचा, माझ्या बराच आधी आलेला, त्याचा पीआर (इथे कायम राहण्याचा परवाना) झाला होता आणि २०२२ मध्ये त्याने एक बेडरूमचा काँडो, म्हणजे फ्लॅट घेतला, डाउन पेमेंटमधला मोठा वाटा त्याच्या बाबांनी तिकडचा एक प्लॉट विकून पाठवला. ५ ऑगस्ट २०२३ ला मी बेसमेंटची खोली सोडली आणि दोन सुटकेस, एक कुकर आणि मसाल्याचा डबा घेऊन त्याच्याकडे राहायला आले. ठरलं असं की मॉर्टगेज (घराच्या कर्जाचा हप्ता) आणि काँडो फी (बिल्डिंगचा मेंटेनन्स) त्याची, किराणा माझा आणि वर दर महिन्याला मी त्याला ९०० डॉलर द्यायचे. कागद काही नाही, ई-ट्रान्सफर करायचे आणि मेसेजच्या जागी "रेंट" लिहायचं, तेही कधी आठवलं तर.

आणि सगळ्या फॉर्मवर आम्ही दोघं सिंगल लिहीत होतो. खोटं बोलायचं म्हणून नाही हो, लग्न झालं नाही म्हणजे सिंगल एवढंच आपल्याला माहीत असतं. आपल्याकडे प्रश्न एकच असतो, "लग्न झालंय का?", आणि त्याची उत्तरं दोनच, झालंय किंवा नाही. इथे तिसरं उत्तर असतं आणि ते आपण दिलं नाही तरी आपोआप लागू होतं, कुठे सही नाही, समारंभ नाही, साक्षीदार नाहीत, फक्त दिवस मोजले जातात. आमचे बारा महिने ५ ऑगस्ट २०२४ ला भरले आणि त्या दिवशी टॅक्सच्या हिशोबाने आम्ही कॉमन लॉ पार्टनर, म्हणजे लग्नाशिवाय नवराबायकोसारखे धरलेले जोडीदार झालो. त्या संध्याकाळी आम्ही बाहेर डोसा खाल्ला होता, फोटो आहे माझ्याकडे, दोघांपैकी कोणालाच याचा पत्ता नाही.

कळलं २०२५ च्या टॅक्सच्या सीझनमध्ये. ज्याच्याकडून आम्ही रिटर्न भरून घ्यायचो त्याने दरवर्षीसारखं विचारलं, मॅरीड का, मी नाही म्हटलं, त्याने सिंगलवर टिक केली, कोणाबरोबर राहता का हे त्याने कधी विचारलंच नाही. नंतर ऑफिसातल्या एका मैत्रिणीशी बोलताना ती म्हणाली की अगं तुम्ही कॉमन लॉ आहात, सीआरएला (म्हणजे कॅनडाच्या टॅक्स खात्याला) कळवलंस का? नियम असा आहे की स्टेटस बदललं की पुढचा महिना संपायच्या आत सीआरएला सांगायचं, म्हणजे आमच्यासाठी सप्टेंबर २०२४ अखेरपर्यंत. आम्ही सांगितलं ते एप्रिल २०२५ मध्ये, रिटर्न दुरुस्त केले, आणि मला मिळालेले जीएसटी क्रेडिटचे (कमी उत्पन्न असलेल्यांना सरकार देतं ते पैसे) तीन हप्ते परत गेले कारण ते क्रेडिट आता दोघांच्या एकत्र उत्पन्नावर ठरतं. ३९० च्या आसपास डॉलर होते. पैसे गेले त्याचं फार नाही वाटलं, पण पोटात गोळा आला तो वेगळ्या विचाराने, की टॅक्सवाल्यांच्या लेखी मी नवराबायकोसारखी असेन तर बाकीच्यांच्या लेखी मी कोण आहे? ह्या घरात माझं काही आहे का? उद्या भांडण झालं तर? त्याला काही झालं तर?

म्हणून वकील शोधला. आधी लॉ सोसायटी ऑफ ओंटारिओची रेफरल सर्विस वापरली, तिथे ऑनलाइन फॉर्म भरला की एका वकिलाचं नाव मिळतं आणि त्यांच्याशी अर्ध्या तासापर्यंत फुकट बोलता येतं. हे प्रत्येकाने करावं असं मला मनापासून वाटतं, विशेषतः नवीन मुलांनी. त्या अर्ध्या तासात एवढं कळलं की ॲग्रीमेंट करायला हवं आणि ते ऑनलाइन टेम्प्लेटवर करू नये. (टेम्प्लेट आम्ही विकत घेऊन बसलो होतो, ८० डॉलर, त्यात रिकाम्या जागा भरायच्या होत्या आणि अर्धे शब्द अमेरिकेतले होते.) मग ओळखीतून हे मिसिसागाचं ऑफिस मिळालं. पहिली मीटिंग एक तास, २५० डॉलर अधिक एचएसटी (इथला विक्रीकर), आणि काम पुढे त्यांनाच दिलं तर ती रक्कम फीमधून वजा.

तिथल्या वकील मॅडम पन्नाशीच्या असतील, बोलायला शांत. त्यांनी कागद ओढला आणि त्यावर आडव्या रेघा मारून आम्हाला समजावलं की कॉमन लॉ हा एक कायदा नाहीये, प्रत्येक ऑफिस आपापलं घड्याळ लावून बसलंय. टॅक्सचं घड्याळ बारा महिन्यांचं, किंवा मूल झालं तर लगेच. इमिग्रेशनचं पण बारा महिन्यांचं, सलग एकत्र राहिलेले. ओंटारिओत स्पाउझल सपोर्ट, म्हणजे वेगळं झाल्यावरची पोटगी, तिचं घड्याळ तीन वर्षांचं, मूल असेल आणि नातं टिकाऊ असेल तर तीन वर्षं भरायचीही गरज नाही. आणि प्रॉपर्टीचं? तिथे त्यांनी रेघ मारलीच नाही. ओंटारिओत लग्न झालेल्या जोडप्याची संसारात वाढलेली मिळकत सारखी वाटली जाते, कॉमन लॉ जोडप्याची नाही, मग तुम्ही तीन वर्षं राहा नाहीतर तीस वर्षं. घर ज्याच्या नावावर त्याचं. मला वाटायचं की इतकी वर्षं एकत्र राहिलं की अर्धं अर्धं होतं, सगळे तसंच म्हणतात, मंडळाच्या गणपतीत जेवणाच्या रांगेत उभं राहून लोक हे अगदी खात्रीने सांगतात, आणि ओंटारिओपुरतं ते चूक आहे.

दुसऱ्या प्रांतात बरोबर असू शकतं, गोंधळ तिथूनच होतो. ब्रिटिश कोलंबियात २०१३ पासून दोन वर्षं लग्नासारखं एकत्र राहिलात की प्रॉपर्टीच्या वाटणीत तुम्ही नवराबायकोच. अल्बर्टात तीन वर्षांनी किंवा मूल असेल तर, आणि तिकडे प्रॉपर्टीचा कायदा अशा जोडप्यांना १ जानेवारी २०२० पासून लागू झाला. माझी एक रूममेट कॅल्गरीला गेली, तिला हे मी सांगितलं तेव्हा ती दोन मिनिटं काही बोललीच नाही. क्युबेकचं आणखी वेगळं, कॅनडात सगळ्यात जास्त लग्नाशिवायची जोडपी तिकडेच, २०२१ च्या जनगणनेत तिथल्या जोडप्यांपैकी ४३ टक्के, सगळ्या देशाचा आकडा २३ टक्के, आणि तरी इतकी वर्षं तिथे अशा जोडीदाराला ना पोटगी ना वाटणी. आता ३० जून २०२५ पासून ज्यांना मूल होईल त्यांच्यासाठी नवीन नियम आलेत. नोकरीसाठी प्रांत बदलणाऱ्या मुलांनी हे लक्षात ठेवा, सामान हलवताना कायदा पण बदलतो.

कॉमन लॉ कोण आणि नुसते रूममेट कोण हे कसं ठरतं हे पण मी विचारलं, कारण आमच्या बेसमेंटात आम्ही पाच जण राहायचो. मॅडम म्हणाल्या, कोर्ट एका छपराखाली राहण्याशिवाय बरंच काही बघतं. १९८० च्या एका केसमधून सात गोष्टींची यादी आली आहे ती अजून वापरतात: राहणं कसं, शरीरसंबंध आणि आपसातलं वागणं, घरकाम कोण करतं, बाहेर लोकांत जोडपं म्हणून जाता का, समाज तुम्हाला काय समजतो, पैशाचं कसं, आणि मुलं. सगळ्या असायलाच हव्यात असं नाही. उलट २०२० मध्ये ओंटारिओच्या अपील कोर्टाने दोन वेगवेगळी घरं ठेवून वर्षानुवर्षं नात्यात असलेल्या जोडप्याला पण स्पाउझ, म्हणजे कायद्याने जोडीदार मानलं. म्हणजे "आपण आपली वेगळी भाड्याची खोली ठेवलीये ना, मग काही होत नाही" हे पण पक्कं नाही.

आता ज्या गोष्टीमुळे मी हा रिव्ह्यू लिहायला बसले ती. मी मॅडमना विचारलं की घर त्याच्या नावावर असेल तर मी दिलेल्या पैशांचं काय, आणि त्यांनी आम्हाला रोझा बेकरची केस सांगितली. रोझा आणि लोथार पेटकस, दोघंही युरोपातून आलेले, १९५५ मध्ये मॉन्ट्रियलला भेटले. लग्न केलं नाही. एकत्र राहायला लागल्यावर भाडं, किराणा, कपडे हे सगळं ती तिच्या पगारातून करायची आणि त्याचा पगार बँकेत साठायचा. त्या साठलेल्या पैशातून त्याने शेत घेतलं, त्याच्या एकट्याच्या नावावर, आणि दोघांनी मिळून मधमाश्या पाळण्याचा धंदा उभा केला, आधी क्युबेकात मग ओंटारिओत. जवळजवळ वीस वर्षं. वेगळं झाल्यावर तिच्या नावावर काही नाही. ती सुप्रीम कोर्टापर्यंत गेली आणि १९८० मध्ये कोर्टाने सांगितलं की हिच्या कष्टावर तो श्रीमंत झाला, अर्धं हिचं. कायद्याच्या पुस्तकात ही जिंकलेली केस आहे. पण तिच्या हातात फारसं काही पडलंच नाही, आणि १९८६ मध्ये तिने जीव दिला.

मी तिथे बसून माझ्या किराण्याच्या पावत्या आठवत होते. किराणा माझा, मॉर्टगेज त्याची. माझा पार्टनर चांगला माणूस आहे, हे मी मनापासून लिहितेय, त्याने कधी हिशोब काढला नाही, मीच भाजीचे पैसे घेत नव्हते. पण रचना तीच होती, दोन चांगली माणसं नकळत तशीच रचना करून बसतात कारण ती सोपी वाटते. त्याने पण ते ऐकलं आणि गाडीत बसल्यावर म्हणाला, तू दर महिन्याला देतेस ते पैसे नक्की कशाचे आहेत हे मला पण सांगता येणार नाही. मला तो क्षण फार मोलाचा वाटतो.

आज पण अशी केस करता येते, २०११ मध्ये सुप्रीम कोर्टाने ते आणखी स्पष्ट केलं की दोघांनी मिळून संसार एका कामासारखा चालवला असेल तर नाव नसलेल्याला वाटा मागता येतो. पण मागायचा म्हणजे कोर्टात सिद्ध करायचं, पावत्या, ई-ट्रान्सफर, साक्षी, वकिलाचा खर्च. आपल्या वयाच्या मुलामुलींकडे तो पैसा कुठून असणार, अर्ध्यांच्या डोक्यावर अजून शिक्षणाचं कर्ज आहे.

घरी येऊन भांडण झालंच. दोन दिवस. मी म्हटलं करार करू, त्याच्या तोंडून निघालं की तुझा माझ्यावर विश्वास नाही का. मला वाटतं हे जवळजवळ प्रत्येक घरात होईल. मी त्याला एवढंच म्हटलं की तुझ्या बाबांनी प्लॉट विकून पैसे दिलेत, ते सुरक्षित राहावेत असं तुला वाटतं की नाही, मग माझ्या बाबांनी माझ्या लोनवर सही केलीये ते पण सुरक्षित राहू दे. मग त्याने नागपूरला फोन लावला. काकूंनी, म्हणजे त्याच्या आईने, शांतपणे ऐकलं आणि मला फोनवर बोलावून म्हणाल्या, "बेटा, लिहून घे तू. लिहिलेलं असलं की कोणाला बोलायला जागा राहात नाही." माझ्या बाबांना सांगणं जास्त अवघड होतं, ते वेगळंच, ते इथे नको.

कामाची पद्धत आवडली. पहिलं म्हणजे दोघांना एकच वकील चालत नाही, मॅडम माझ्या वकील झाल्या आणि त्याला त्यांनी तीन नावं दिली, त्यातून त्याने स्वतः ब्रॅम्प्टनचा एक निवडला. आधी वाटलं की हा उगाच डबल खर्च आहे, पण कारण कळल्यावर पटलं. ओंटारिओत असा करार लेखी हवा, दोघांच्या सह्या हव्यात आणि साक्षीदार हवा, आणि नंतर कोर्ट तो रद्द करू शकतं जर कोणी मोठी मिळकत किंवा कर्ज लपवलं असेल किंवा एखाद्याला आपण कशावर सही करतोय तेच समजलं नसेल. प्रत्येकाचा वेगळा वकील असला की "मला समजलंच नव्हतं" म्हणायला फारशी जागा उरत नाही.

दुसरं, सगळं उघडं करायला लावलं. एकूण एक खातं, कार्डाची बाकी, गाडी. माझं सांगलीच्या बँकेतलं एज्युकेशन लोन, चौदा लाखांतलं जे उरलंय ते, बाबा को-बॉरोअर. मग मॅडमनी विचारलं, सोनं? मी म्हटलं थोडं आहे, तिकडे लॉकरमध्ये. त्या म्हणाल्या थोडं म्हणजे काय, लिहून द्या. मग मी आईला फोन करून आजीच्या पाटल्या, बोरमाळ आणि कानातले कुड्या यांचं वजन विचारलं, आईला आधी वाटलं मी विकायला निघाले. मॅडमना पाटल्या आणि बांगड्या यातला फरक सांगावा लागला आणि त्यांनी तो नीट ऐकून घेतला, शेड्यूलमध्ये (कराराला जोडलेल्या यादीत) "आजीकडून मिळालेले दागिने" म्हणून वजनासकट आलं आणि ते माझेच राहतील असं कलम आलं. इकडच्या वकिलाने आपल्याकडच्या सोन्याला, कर्जाला खरी मिळकत आणि खरं कर्ज मानावं याचं मला फार बरं वाटलं.

त्याच्याकडून बाबांचे पैसे लिहिले गेले. बँकेने मॉर्टगेजच्या वेळी गिफ्ट लेटर घेतलं होतं, म्हणजे ती त्याला मिळालेली भेट, तसंच करारात आलं. काँडो त्याचा. मी महिन्याचे जे देते ते राहण्याचा खर्च, त्यातून मालकी तयार होत नाही, पण मी घरात काही कायमचं काम केलं, उदाहरणार्थ मागच्या वर्षी मी लॅमिनेट फ्लोअरिंगचे ३,२०० डॉलर दिले, तर तो पैसा मला परत मिळेल. वेगळं झालो तर घर सोडायला मला ९० दिवस आणि नवीन जागेचं पहिल्या आणि शेवटच्या महिन्याचं भाडं भरता येईल एवढी रक्कम. हे ९० दिवस मॅडमनी जोर देऊन घातले, कारण ओंटारिओत लग्नाच्या बायकोला संसाराच्या घरात राहण्याचा हक्क असतो, मालक नसली तरी, कॉमन लॉला तो आपोआप नाही. मध्यरात्री भांडण झालं तर बॅग कोण भरणार, असा त्यांचा साधा प्रश्न होता. किराणा आता दोघांचा, जॉइंट खात्यातून.

पोटगीचं आम्ही सोडून द्यायला निघालो होतो, दोघंही कमावतो, नकोच म्हटलं. मॅडमनी थांबवलं. म्हणाल्या तुम्ही अठ्ठावीस वर्षांच्या आहात, उद्या मूल झालं आणि तुम्ही तीन वर्षं घरी बसलात तर? कायमचं सोडून द्यायचं कलम परिस्थिती फारच अन्यायाची झाली तर कोर्ट बाजूला ठेवू शकतं, पण त्या भरवशावर सही करू नका. शेवटी असं लिहिलं की मूल झालं तर तो भाग पुन्हा बसून ठरवायचा. आणि मुलांचा ताबा, मुलं कोणाकडे राहणार, हे अशा करारात आधीच ठरवता येत नाही, हे पण तेव्हाच कळलं. उद्या लग्न केलं तर हाच करार मॅरेज कॉन्ट्रॅक्ट म्हणून चालू राहतो, नवीन करायला लागत नाही, मात्र तेव्हा एकदा परत वाचा असं त्या म्हणाल्या.

आता एक स्टार का कापला. वेळ फार लागला, सहा आठवडे सांगितले होते, साडेतीन महिने लागले. त्यातला काही उशीर ब्रॅम्प्टनच्या वकिलाचा होता पण इकडूनही फोन उचलला जात नव्हता. १४ पानांचा फॉर्म मेलवर टाकून दिला आणि कुठल्या तारखेची किंमत लिहायची, रुपये की डॉलर, हे कुठेच लिहिलेलं नव्हतं, आम्ही दोनदा भरला. फिक्स्ड फी सांगून नंतर दोन जास्तीच्या मेलचे पैसे लावले होते, बोलल्यावर काढले, पण बोलावं लागलं. आणि विल (मृत्युपत्र) वेगळं असतं हे त्यांनी अगदी शेवटी सांगितलं. हे पहिल्या तासात सांगायला हवं होतं, कारण ओंटारिओत विल न करता माणूस गेला तर कॉमन लॉ जोडीदाराला वारस म्हणून काहीच मिळत नाही, मूल नसेल तर सगळं आईवडलांकडे जातं. अवलंबून होतो म्हणून कोर्टात मागता येतं, पण ते परत कोर्ट. सीपीपीची (सरकारी पेन्शन योजनेची) सर्व्हायव्हर पेन्शन, म्हणजे मागे राहिलेल्या जोडीदाराची पेन्शन मात्र वर्षभर एकत्र राहिलेल्याला मिळू शकते, म्हणजे एकाच मरणाचे दोन ऑफिसात दोन हिशोब. आमचं विल अजून व्हायचंय, तोवर टीएफएसए (टॅक्स न लागणारं बचत खातं) आणि नोकरीतल्या इन्शुरन्सवर एकमेकांची नावं टाकली.

इमिग्रेशनचं त्या बघत नाहीत, त्यासाठी वेगळ्या परवानाधारक माणसाकडे जावं लागलं, ते ठीकच आहे. पण त्या विषयावर मला लिहायलाच हवं कारण आपल्या मुलांचं सगळ्यात मोठं नुकसान तिथे होतं. पीआरचा अर्ज भरताना तुम्ही कोणाबरोबर बारा महिने जोडपं म्हणून राहिलेले असाल तर तुम्ही सिंगल नाही. घरी कळेल म्हणून, किंवा पीआरच्या निवडीतले पॉइंट कमी होतील या भीतीने सिंगल लिहू नका. खोटी माहिती ठरली तर पाच वर्षांची बंदी येऊ शकते. आणि पीआर होताना ज्या जोडीदाराचं नाव सांगितलंच नाही, ज्याची तपासणी झालीच नाही, त्याला नंतर फॅमिली क्लासमधून, म्हणजे कुटुंबातलं माणूस म्हणून, पीआरसाठी स्पॉन्सर करता येत नाही असा नियम आहे, काही प्रकरणांत सवलत मिळते पण तिच्यावर कोणी आयुष्य ठरवू नये. माझ्या ओळखीत एकाने असंच "आधी माझा होऊ दे मग तिचं बघू" म्हणून केलं आणि ती दोघं अजून वकिलाच्या चकरा मारतायत. आमच्या बाबतीत त्याचा पीआर मी राहायला यायच्या आधीच झालेला होता म्हणून वाचलो.

आता तो मला कॉमन लॉ पार्टनर म्हणून स्पॉन्सर करतोय. तिथे उलटं होतं, जे आपण घरच्यांपासून लपवतो तेच पुराव्याने दाखवायचं, एकाच पत्त्यावरचे लायसन्स, बिलं, जॉइंट खातं, फोटो, ओळखीच्यांची पत्रं, आणि आम्ही जोडपं आहोत असं कमिशनरसमोर (शपथ घेणाऱ्या अधिकाऱ्यासमोर) शपथेवर लिहून द्यायचा एक फॉर्म. पहिल्या वर्षाचे पुरावे गोळा करताना नाकी नऊ आले कारण एकही बिल माझ्या नावावर नव्हतं. राहायला गेल्या दिवसापासून इंटरनेटचं तरी बिल दोघांच्या नावावर घ्या. आणि स्पॉन्सर करणाऱ्याने समजून सही करावी, पीआर झाल्यापासून तीन वर्षं आर्थिक जबाबदारी त्याची, मध्ये नातं तुटलं तरी ती सुटत नाही.

अजून एक नुकसान ज्याची मला खरंच हळहळ वाटते. पहिल्या घरासाठी एफएचएसए नावाचं खातं असतं, वर्षाला ८,००० आणि एकूण ४०,००० डॉलर टाकता येतात, टॅक्स वाचतो. ते उघडताना तुम्ही नवरा, बायको किंवा कॉमन लॉ पार्टनरच्या मालकीच्या घरात राहत असाल तर उघडता येत नाही. मी ५ ऑगस्ट २०२४ च्या आधी कधीही उघडू शकले असते, शंभर डॉलर टाकून का होईना. माझ्याकडे पूर्ण वर्ष होतं आणि हे सांगणारं कोणी नव्हतं. जी मुलगी किंवा मुलगा आत्ता पार्टनरच्या स्वतःच्या घरात राहायला जायच्या बेतात असेल त्यांनी हे वाचून आजच बँकेत विचारा.

खर्च: माझी फी १,५००, त्याच्या वकिलाची ५००, वर १३ टक्के एचएसटी, सगळं मिळून २,२६० डॉलर. आम्ही अर्धे अर्धे भरले. दोघंही भाड्याच्या घरात असाल आणि नावावर फार काही नसेल तर एवढा खर्च लगेच करायची गरज नाही असं मॅडम स्वतःच म्हणाल्या, तेव्हा रेफरल सर्विसचा अर्धा तास आणि वेळेवर सीआरएला कळवणं पुरे. एकाचं घर असेल, आईवडलांचा पैसा गुंतला असेल, किंवा एकजण नोकरी सोडून दुसऱ्यासाठी शहर बदलत असेल तर मात्र पोटगीच्या घड्याळाची तीन वर्षं भरायच्या आत जा. आमची तीन वर्षं ऑगस्ट २०२६ मध्ये भरतील.

जाताना दोन्ही देशांतली कर्जं, सोन्याचं वजन, घराचे कागद आणि गिफ्ट लेटर असेल तर ते तयार ठेवा, म्हणजे तो १४ पानांचा फॉर्म एकदाच भरावा लागेल, आणि फी फिक्स्ड आहे का आणि त्यात विल येतं का हे पहिल्याच फोनवर विचारा. शनिवारी सकाळी ऑफिस उघडं असतं, पार्किंग मागच्या बाजूला. क्लार्क ताई हिंदी आणि पंजाबी बोलतात, आईवडलांना फोनवर काही समजावून सांगायचं असेल तर त्या मदत करतात, माझ्या बाबांशी त्या वीस मिनिटं बोलल्या आणि त्याचे पैसे लावले नाहीत.